घरचा एनएएस जोडताना: डिस्क आधी, प्रोसेसर नंतर

घरी स्टोरेज सर्व्हर जोडायचा म्हटलं की बहुतेकजण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. गेमिंगचा पीसी जोडून हात बसलेला असतो. त्यामुळे कोअर किती आणि गिगाहर्ट्झ किती यावर बराच खल होतो आणि हार्ड डिस्क मात्र उरलेल्या पैशांत, मिळेल ती. एनएएसला हा क्रम नेमका उलटा लागतो.

एनएएस म्हणजे नेटवर्कला जोडलेला, डिस्कांनी भरलेला छोटा कॉम्प्युटर. घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे त्याच्यावरच्या फायली वापरतात. तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्यातला बहुतेक वेळ काहीही करत नसतो. म्हणून कुठलाही भाग घेताना मी दोनच प्रश्न विचारतो. सर्व्हर रिकामा बसलेला असताना हा भाग किती वीज खातो? आणि एखादी डिस्क मेली तर हा भाग मदतीला येतो की आडवा येतो? बेंचमार्कचे तक्ते या दोन्हींबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

किती डिस्क आणि केवढ्या

आज तुमच्याकडे किती डेटा आहे ते आधी मोजा. फोटो, व्हिडिओ, लॅपटॉपचे बॅकअप, सगळं धरा. पुढच्या तीन-चार वर्षांत तो किती वाढेल याचा अंदाज बांधा आणि वर थोडी मोकळी जागा ठेवा, कारण काठोकाठ भरलेल्या डिस्कवर बहुतेक फाइल सिस्टिम मंदावतात. खोक्यावरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळणार नाही, याचीही तयारी ठेवा. डिस्क बनवणारे दशमान पद्धतीने मोजतात, तर बऱ्याच सिस्टिम १,०२४ च्या पटीत. त्यामुळे ८ टीबीची डिस्क तिथे ७.२८ दिसते. फसवणूक नाही, मोजमापाचा फरक आहे.

आता खरा प्रश्न रचनेचा. दोन डिस्क घेऊन दोन्हींवर तेच लिहायचं, याला मिरर म्हणतात. निम्मी जागा जाते, पण एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं असतं. दुसरा मार्ग पॅरिटीचा. समजा तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ असे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज, २०. चारचा आकडा असलेली डिस्क गेली तर २० मधून ७ आणि ९ वजा केले की ४ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांवरची एक्सॉर नावाची क्रिया वापरतात, पण तत्त्व हेच. चार डिस्कांपैकी तिघींची जागा वापरायला मिळते आणि एक डिस्क मेली तरी चालतं. दुहेरी पॅरिटीत दोन वेगवेगळी समीकरणं साठवलेली असतात, म्हणून एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी दोन्हींवरचा डेटा सोडवून काढता येतो. अनेक डिस्क अशा एकत्र बांधण्याला रेड (RAID) म्हणतात. रेड ५ आणि रेड ६ ही नावं ऐकली असतील, ती या एकेरी आणि दुहेरी पॅरिटीची.

कागदावर पॅरिटी फायद्याची दिसते. डिस्क मेल्यावर मात्र तिची दुसरी बाजू दिसते. नवी डिस्क लावली की ती पूर्ण भरेपर्यंत बाकीच्या सगळ्या डिस्क सलग वाचाव्या लागतात. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी या वेगाने भरायची तर ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तास. हा अगदी अनुकूल हिशोब झाला. सर्व्हर वापरात असेल तर वेळ आणखी वाढतो. एवढा वेळ उरलेल्या डिस्कांवर वर्षभरात पडला नसेल असा ताण असतो, आणि त्या बहुधा मेलेल्या डिस्कसोबतच घेतलेल्या, तेवढ्याच वयाच्या असतात. भरीला, अनेक साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात दर १०^१४ बिटांमागे जास्तीत जास्त एकदा वाचन फसेल असं लिहिलेलं असतं. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी, १६ टीबीच्या एका डिस्कहूनही कमी. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा याहून चांगल्या वागतात आणि एनएएसच्या मोठ्या डिस्कांना हा आकडा १०^१५ असतो. तरीही मोठ्या डिस्कांवर एकेरी पॅरिटी लावून मला तरी शांत झोप लागणार नाही. चारपेक्षा जास्त मोठ्या डिस्क असतील तर दुहेरी पॅरिटी, दोनच असतील तर मिरर.

बहुतेक घरांना दोन मोठ्या डिस्कांचा मिरर पुरतो. १६ टीबी वापरायची जागा हवी आहे असं धरा. १६ टीबीच्या दोन डिस्कांचा मिरर करता येईल किंवा ४ टीबीच्या सहा डिस्क दुहेरी पॅरिटीत लावता येतील. फिरत असलेली ३.५ इंची डिस्क नुसती बसून साधारण ५ वॉट घेते. म्हणजे एकीकडे १० वॉट, दुसरीकडे ३०. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे सतत चालणाऱ्या यंत्रात प्रत्येक वॉटमागे वर्षाला पावणेनऊ युनिट वीज जाते. २० वॉटच्या फरकाचे झाले १७५ युनिट, दरवर्षी. वर सहा पोर्ट लागतात, मोठं कॅबिनेट लागतं, आवाज आणि उष्णता वाढते आणि बिघडू शकणाऱ्या वस्तू दोनच्या सहा होतात. कमी आणि मोठ्या डिस्क घ्या.

डिस्क कुठल्या जातीची

हे न बघता घेतलेली डिस्क पुढे छळते. हार्ड डिस्कवर डेटा गोल पट्ट्यांमध्ये लिहितात. सीएमआर प्रकारात या पट्ट्या शेजारी-शेजारी, सुट्या असतात. एसएमआर प्रकारात जागा वाचवण्यासाठी त्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. वाचायला अडचण येत नाही. पण मधली एक पट्टी बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. हे लपवण्यासाठी डिस्क आलेला डेटा आधी एका राखीव भागात घेते आणि सवडीने जागेवर नेते. रोजच्या किरकोळ वापरात फरक कळतही नाही. रेडमध्ये नवी डिस्क भरायची असते तेव्हा तासन्‌तास सलग लिखाण चालतं, राखीव भाग भरून जातो, सवड मिळतच नाही आणि वेग कोसळतो. काही वेळा सिस्टिम कंटाळून डिस्क मेली असं समजते आणि तिला बाहेर काढते.

२०२० साली यावरून मोठा गदारोळ झाला. वेस्टर्न डिजिटलच्या एनएएससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड (Red, म्हणजे लाल, RAID नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, आणि खोक्यावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर कंपनीने कुठलं मॉडेल कुठल्या जातीचं याची यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्कांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे, तर त्यांच्याच बॅराकुडा मालिकेत बऱ्याच डिस्क एसएमआर आहेत. मालिकेच्या नावावर न जाता पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. शेवटच्या दोन-चार अक्षरांत सगळा फरक असतो.

एनएएसची डिस्क आणि साधी डिस्क यांत आणखी एक फरक आहे, आणि तो फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. एखादा भाग वाचता आला नाही तर साधी डिस्क हट्टाने पुन्हा-पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. एकटीच असेल तर हा हट्ट योग्यच आहे. रेडमध्ये मात्र तोच डेटा दुसरीकडून मिळणार असतो, म्हणून एनएएसची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते. लिनक्स मूळ सेटिंगमध्ये डिस्कच्या उत्तराची ३० सेकंद वाट बघतो. हट्टी डिस्क तेवढ्यात बोललीच नाही तर एका खराब सेक्टरपायी, म्हणजे डिस्कवरच्या एका छोट्याशा तुकड्यापायी, अख्खी डिस्क रेडमधून बाहेर फेकली जाऊ शकते.

दोन्ही डिस्क शक्यतो वेगवेगळ्या बॅचच्या घ्या. डेटा टाकायच्या आधी स्मार्टची, म्हणजे डिस्कमधल्याच स्वतःच्या तब्येतीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेची, लांब चाचणी पूर्ण चालू द्या. मोठ्या डिस्कला दिवसभर लागेल, लागू दे. अहवालात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी शून्य हव्यात. पहिली बदललेल्या सेक्टरांची, दुसरी संशयित सेक्टरांची, तिसरी दुरुस्त न झालेल्यांची. १९९ ची ओळ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, आधी साटा केबल, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी केबल, बदला. ती ओळ वाटेत बिघडलेल्या डेटाची असते आणि बहुतेक वेळा गुन्हेगार सैल बसलेली केबल असते. गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मेलेल्या डिस्कांपैकी अर्ध्याहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या महत्त्वाच्या चार ओळींत आधी कसलीच सूचना दिली नव्हती. म्हणजे स्मार्ट बघायचं, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम

डिस्क ठरल्या की मदरबोर्डची निवड म्हणजे पोर्ट मोजणं. इथे एक खोच असते. बऱ्याच बोर्डांवर एम.२ नावाच्या पट्टीसारख्या खाचेत एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) लावली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, कारण दोन्ही एकाच वाटेवर असतात. हे मॅन्युअलमध्ये साटाच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत असतं. बोर्ड विकत घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून तेवढं एक पान वाचा.

पोर्ट कमी पडले तर कार्ड लावता येतं. एएसएम ११६६ चिप असलेलं सहा पोर्टचं किंवा जेएमबी ५८५ चं पाच पोर्टचं कार्ड घरासाठी पुरेसं आहे. सर्व्हरमधून निघालेली एलएसआय कंपनीची कार्डं भरवशाची असतात, मात्र ती आयटी मोडमध्ये हवीत, म्हणजे कार्डाने स्वतः रेड न करता डिस्क सरळ सिस्टिमच्या हवाली करायला हवी. ही कार्डं तापतात, स्वतः दहाएक वॉट खातात आणि अनेकदा प्रोसेसरलाही गाढ झोपू देत नाहीत. हार्डवेअर रेड कार्ड घरी नकोच. कार्ड मेलं तर डेटा वाचायला त्याच जातीचं कार्ड शोधत फिरावं लागतं. सॉफ्टवेअर रेडच्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही मशिनला लावल्या तरी तीच सिस्टिम त्या ओळखते. यूएसबीवर डिस्कांचा खोका लावून त्यावर रेड करायचा मोहही टाळा. मधली चिप क्षणभर जरी अडखळली तरी सगळ्या डिस्क एकदम गायब होतात.

प्रोसेसरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फायली देणं-घेणं हे हलकं काम आहे. २०२३ च्या सुरुवातीला आलेली इंटेलची एन१०० ही चार कोअरची, ६ वॉटची चिप त्याला पुरून उरते, आणि तिच्यातला व्हिडिओचा भाग टीव्हीसाठी सिनेमाचं रूपांतरही करतो. तिची मर्यादा वेगाची नाही, वाटांची आहे. प्रोसेसरला बाकीचे भाग जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त ९ लेन आहेत, त्यामुळे डिस्क, नेटवर्क आणि एसएसडी यांची तिथे लवकर गर्दी होते. व्हर्च्युअल मशिन, म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरचे आणखी कॉम्प्युटर, चालवायची असतील तर मोठी चिप घ्या. आणि चिपवर लिहिलेला टीडीपीचा, म्हणजे वॉटचा आकडा बघून हरखू नका. तो कामाच्या भाराचा असतो. रिकामेपणी किती वीज जाते हे बोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि बायोसमधल्या (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) सेटिंगवर जास्त ठरतं. म्हणूनच ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप कधीकधी नव्याकोऱ्या जोडणीइतकाच काटकसरी निघतो, फक्त त्यात दोन डिस्क मावतात का आणि त्याच्या एसएमपीएसचे प्लग नेहमीचे आहेत का, ते बघून घ्या.

रॅम ८ जीबीत भागतं, १६ जीबीत ऐसपैस होतं. झेडएफएस फाइल सिस्टिमला दर टीबीमागे १ जीबी रॅम लागते हा नियम सगळीकडे सांगतात, पण घरच्या वापराला तो लागू करायची गरज नाही. झेडएफएस मोकळी रॅम वाचनाच्या कॅशसाठी, म्हणजे पुन्हा लागणारा डेटा हाताशी ठेवायला, वापरतं, म्हणून ती भरलेली दिसते. मागणी आली की सोडून देतं. डीडुप्लिकेशन, म्हणजे सारखाच डेटा एकदाच साठवणं, चालू केलं तर मात्र खरोखर भरपूर रॅम लागते. घरी ते चालू करू नका.

ईसीसी रॅमवरून लोक हमरीतुमरीवर येतात. ही रॅम दर ६४ बिटांसोबत ८ जादा बिट ठेवते. एक बिट उलटला तर दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान कळवते. चांगली गोष्ट आहे. पण ती चालायला प्रोसेसर आणि बोर्ड दोघांचाही पाठिंबा लागतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून डेस्कटॉप चिपांना त्यासाठी डब्ल्यू६८० सारखा चिपसेट लागतो. एएमडीच्या रायझनमध्ये ५००० मालिकेपर्यंतच्या, नावात जी अक्षर असलेल्या चिपांपैकी फक्त प्रो नावाच्या चालतात. डीडीआर५ मध्ये ईसीसी आपोआप असतं हा गैरसमज आहे. ते चिपच्या आतल्या चुकांपुरतं असतं, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्याचा उपयोग नाही. माझं मत विचाराल तर, ईसीसी आणि बॅकअपची डिस्क यांत एकच परवडत असेल तर बॅकअपची डिस्क घ्या. साध्या रॅमवर रात्रभर मेमटेस्ट चालवून तिची खात्री करून घ्या.

नेटवर्क

गिगाबिट लॅनची कमाल सेकंदाला १२५ एमबी, हातात पडतात ११० च्या आसपास. आजची एकटी हार्ड डिस्क सलग वाचताना याहून वेगाने चालते. म्हणजे गिगाबिटवर बसलेल्या सर्व्हरला वेग वाढवण्यासाठी एसएसडी कॅश लावणं म्हणजे बहुतेकदा पैसे वाया. त्याऐवजी २.५ गिगाबिटचा स्विच घ्या. २०१६ साली आलेलं हे मानक जुन्या कॅट ५ई केबलवरही १०० मीटरपर्यंत चालतं, भिंतीतल्या तारा बदलाव्या लागत नाहीत. १० गिगाबिट कोणाला लागतं? सर्व्हरवरच ठेवून व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना, आणि त्यांनी एसएसडीच घ्याव्यात. घरातलं सगळं वायफायवर असेल तर या परिच्छेदाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

एसएमपीएस आणि कॅबिनेट

डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टच्या तारेतून जवळपास २ अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॉट. सहा डिस्क एकदम सुरू झाल्या तर काही सेकंदांपुरते १४४ वॉट. नंतर सगळं मिळून तीस-चाळीस वॉटवर स्थिरावतं. एसएमपीएसला ही सुरुवातीची उडी झेपली पाहिजे, पण ८५० वॉटचा घेऊन उपयोग नाही. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या मानांकनाच्या सोनेरी-चंदेरी पट्ट्या मुख्यतः २०, ५० आणि १०० टक्के भारावर दिलेल्या असतात. ५०० वॉटच्या एसएमपीएससाठी २० टक्के म्हणजे १०० वॉट. तुमचा सर्व्हर आयुष्यभर ३५ वॉटवर बसणार, आणि तिथे ती पट्टी काहीच सांगत नाही. ३०० ते ४५० वॉटचा, कमी भारावरही कार्यक्षम असलेला, चांगल्या कंपनीचा घ्या.

जुन्या मॉड्यूलर एसएमपीएसची केबल नव्या एसएमपीएसला चुकूनही लावू नका. प्लग बेमालूम बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की सगळ्या डिस्क एका झटक्यात खलास. मोलेक्स या जुन्या पॉवर प्लगवरून साटा करणारे, प्लास्टिकमध्ये ओतून बनवलेले स्वस्त अडॅप्टरही टाळा, ते पेटल्याची उदाहरणं आहेत. बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली डिस्क सुरूच होत नसेल तर लगेच परत पाठवू नका. नव्या साटा मानकात तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, आणि जुन्या पद्धतीचा एसएमपीएस नेमका तिथे ३.३ व्होल्ट देत असतो.

कॅबिनेटला डिस्कांच्या समोर १२० मिलिमीटरचा पंखा हवा, तोही हळू फिरणारा. डिस्कांचं तापमान ४५ अंशांच्या खाली राहिलं की पुरे.

सॉफ्टवेअर आणि बाकीचं

सिस्टिमसाठी छोटी, वेगळी एसएसडी लावा, पेन ड्राइव्हवर चालवू नका. एनएएससाठीच्या तयार सिस्टिमांपैकी ट्रूनॅस झेडएफएसवर चालतं, ओपनमीडियाव्हॉल्ट डेबियन या लिनक्सवर बेतलेलं आणि हलकं आहे, अनरेडमध्ये वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क एकत्र नांदतात, फक्त पॅरिटीची डिस्क सगळ्यांत मोठी, निदान बरोबरीची लागते. झेडएफएसमध्ये पॅरिटीच्या गटात एकेक डिस्क वाढवायची सोय जानेवारी २०२५ च्या २.३ आवृत्तीत आली, तोवर तो मार्गच नव्हता. म्हणून पुढे वाढवत न्यायचं असेल तर डिस्क घ्यायच्या आधी सॉफ्टवेअर ठरवलेलं बरं. एक छोटा यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडाच. वीज गेल्याचं सर्व्हरला कळलंच नाही तर यूपीएसने दिलेली दहा मिनिटं फुकट जातात.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही फाइल पुसलीत किंवा रॅन्समवेअरने कुलूप लावलं तर मिररच्या दोन्ही डिस्कांवर ते त्याच क्षणी होतं. तेव्हा बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून एक बाहेरची डिस्क धरा, आठवड्यातून एकदा जोडायची आणि काम झालं की काढून ठेवायची. गंमत म्हणजे इथे वर शिव्या घातलेली एसएमआर डिस्क उत्तम चालते. सलग लिहायचं, थांबायचं, पुढच्या आठवड्यापर्यंत आराम.

जोडणी झाली की डेटा टाकण्याआधी एक उद्योग करा. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर कागदावर लिहून तिच्या ट्रेच्या समोरच्या बाजूला चिकटवा. सिस्टिम डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावं देते आणि ती रीस्टार्टनंतर बदलू शकतात. बिघडलेली ठेवून चांगली उपटली जाते ती याच घोळात. मग काही निरुपयोगी फायली टाका, सर्व्हर बंद करून एका डिस्कची केबल काढा आणि पुन्हा सुरू करा. फायली उघडतात का, सूचनेचा ईमेल येतो का, त्यात कुठला सीरियल नंबर लिहिलेला आहे, हे बघा. ईमेल आला नाही तर तो येईपर्यंत सेटिंग दुरुस्त करत राहा. मग पुन्हा बंद करून केबल जोडा, पुनर्भरण पूर्ण होऊ द्या आणि खरे फोटो त्यानंतरच चढवा.